मे महिन्यात गुहागरला सहकुटुंब पाच दिवस: समुद्र, घाट आणि घरातली वयस्कर मंडळी यांची तयारी कशी करावी?

अबोली_पुणे (मूळ प्रश्न)

नमस्कार. मुलांच्या परीक्षा संपल्या असून मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पाच दिवस गुहागरला जाण्याचे आमचे ठरत आहे. आम्ही एकूण सात जण आहोत: मी, माझे यजमान, अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा, एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई, नणंद आणि तिचा सतरा वर्षांचा मुलगा. सासूबाईंना रक्तदाबाच्या गोळ्या आणि दिवसातून दोन वेळा इन्सुलिन चालू आहे. भाचा तरणतलावात उत्तम पोहतो आणि समुद्र म्हणजे थोडा मोठा तलाव आहे, अशी त्याची ठाम समजूत आहे. पुण्याहून आमच्याच सात आसनी गाडीने जाणार असून गुहागरमध्ये घरगुती निवासात उतरायचे, वेळणेश्वर आणि हेदवी पाहायचे आणि एक दिवस तवसाळहून जंगलबोटीने (गाड्याही नेणाऱ्या फेरीबोटीने) जयगडला उतरून गणपतीपुळ्याला जाऊन यायचे, असा बेत आहे.

मी एवढी काळजी का करते आहे, तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी एका किनाऱ्यावर मुलगा माझा हात धरून गुडघाभर पाण्यात, म्हणजे माझ्या गुडघ्याइतक्या पाण्यात उभा होता. लाट परत फिरली तेव्हा माझ्याच टाचांखालची वाळू सरकली, मी बसले आणि त्याचा हात सुटला. शहाळी विकणाऱ्या एका काकांनी कोयता टाकून धावत येऊन त्याला दंडाला धरून बाहेर काढले. सगळे मिळून दहा-बारा सेकंदांचे काम होते. समुद्र शांत होता, ऊन पडले होते आणि आजूबाजूला शंभर माणसे होती. आपण काय चुकलो, हे मला अजूनही नीटसे कळलेले नाही.

पाण्यात केव्हा उतरावे आणि केव्हा उतरू नये, हे बाहेरच्या माणसाने कसे ओळखावे? घाट कोणता बरा? सासूबाईंचे इन्सुलिन मे महिन्याच्या उकाड्यात कसे न्यावे? शिवाय निवासाचे मालक म्हणवणारे एक गृहस्थ फोनवरून पूर्ण रक्कम आगाऊ मागत आहेत, ती द्यावी का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

खालचापाट

अबोलीताई, सर्वप्रथम तारखा बदला. मेचा शेवटचा आठवडा आमच्याकडे समुद्राच्या दृष्टीने वाईट असतो. पाऊस आलेला नसला तरी दक्षिणेकडच्या वाऱ्याने पाणी फिरलेले असते, लाटा जवळजवळ येऊ लागतात आणि पाण्याचा रंग गढूळ होतो. मालवणकडची किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळ साधारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद ठेवतात आणि १ जूनपासून यांत्रिक मासेमारीही दोन महिने बंद होते, ती उगाच नव्हे. ज्या पाण्यात जन्म काढलेली माणसे होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारण्याच्या तयारीला लागतात, त्या पाण्यात पुण्याच्या मुलांनी डुंबावे, हे मला पटत नाही. दहा-बारा दिवस अलीकडे या.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तुमचे काय चुकले, तर तुम्ही बहुधा ओहोटीच्या पाण्यात उभ्या होतात. आमच्याकडे लहानपणी पहिला धडा हा मिळतो की पाणी चढत असताना आत जायचे आणि उतरू लागले की बाहेर यायचे. ओहोटीत प्रत्येक लाट आणते त्यापेक्षा जास्त नेते, आणि नेताना पायाखालची वाळूही नेते. टाचांखाली खळगा पडू लागला की तो आपल्याला मिळालेला निरोप समजावा.

भरती केव्हा आहे, हे कळण्यासाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. समजा पंचमी आहे. पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे सुमारे पावणेचार वाजता पूर्ण भरती. पहाटेही आणि दुपारीही, थोड्या फरकाने. त्याच्या आधी आणि नंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून एका तिथीला पाऊण तास धरण्याची ही युक्ती जमते. हे गणित पाच-दहा मिनिटांइतके अचूक नाही, अर्धा तास इकडेतिकडे होतोच. म्हणून भरती-ओहोटीचे छापील किंवा मोबाइलवरचे वेळापत्रक जरूर ताडून पाहावे. पण रेंज गेली तरी पाऊणकी डोक्यात राहते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, म्हणजे पाणी जास्त चढते आणि तितकेच जास्त उतरते, त्यामुळे ओढही जास्त असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ती सौम्य. लहान मुले बरोबर असतील तर भांगाचे दिवस गाठावेत, असे मी माझ्या पाहुण्यांना सांगतो.

दुसरी गोष्ट ओढीची. किनाऱ्यावर पोहोचल्याबरोबर कपडे बदलू नका, उंचावर दहा मिनिटे नुसते उभे राहून पाहा. लाटा फुटून सगळीकडे पांढरा फेस होत असेल आणि मध्येच एखादा पट्टा शांत, किंचित गडद आणि न फुटणारा दिसत असेल, तर नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण तो पट्टा निवांत वाटतो. किनाऱ्यावर आलेले सगळे पाणी त्याच वाटेने परत जात असते. तरंगता फेस किंवा एखादी काटकी त्या पट्ट्यातून समुद्राकडे जाताना दिसली की खात्री पटते. तुमच्या भाच्याला हे मुद्दाम दाखवा, कारण या ओढीत पहिला बळी पोहता येणाऱ्याचाच जातो. न पोहणारा कमरेच्या पुढे जात नाही. पोहणारा जातो, ओढ लागल्यावर घाबरून सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहतो आणि दमतो. ओढ माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. म्हणून तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि अंगात त्राण असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला निघावे. बाजूला आले की लाटाच परत आणतात. एक बुडू लागला म्हणून दुसऱ्याने उडी घालू नये. पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला डबा आणि त्याला बांधलेली पंधरा-वीस मीटर दोरी गाडीत ठेवा. दिसायला गावठी वस्तू आहे, पण फेकता येते आणि माणूस तिला धरून तरंगतो.

गणपतीपुळ्याला देवदर्शन करा, किनाऱ्यावर फिरा, मात्र पाण्यात उतरू नका. तिथला किनारा फसवा आहे, चार पावलांत तळ एकदम खाली जातो आणि परतीची ओढ जबर असते. तिथे पोहण्याविषयी इशाऱ्याचे फलक आहेत, ते वाचून पुढे जाणारेही आम्ही दरवर्षी पाहतो. हेदवीची बामणघळ पाहायला लोक भरतीला जातात, कारण तेव्हाच खडकाच्या चिरेतून पाणी कारंजासारखे उडते. ते लांबूनच बघावे. ओल्या काळ्या खडकावर शेवाळ असते आणि सात लाटा लहान आल्या म्हणून आठवी लहानच येईल, असे नाही.

गाडी वाळूत घालू नका. दरवर्षी कोणाची तरी रुतते, ट्रॅक्टर मिळेपर्यंत भरती येते आणि मग इंजिनापर्यंत खारे पाणी. शिवाय ते बेकायदेशीर आहे.

स्टेपनी

घाटाविषयी लिहितो. पुण्याहून गुहागरला मी तीन-चार वाटांनी गेलो आहे. ताम्हिणीतून माणगावला उतरून महाड, कशेडीचा बोगदा, खेड, परशुराम घाट आणि चिपळूण हा रस्ता देखणा आहे, पण सुट्टीच्या दिवसांत ताम्हिणीत गर्दी फार आणि वळणांवर थांबून फोटो काढणारेही फार. वयस्कर माणसे बरोबर असताना मी सातारा रस्त्याने उंब्रजपर्यंत जाऊन पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरणे पसंत करतो. उंब्रजपर्यंत रुंद महामार्ग, कोयनानगरला चहा आणि स्वच्छतागृह, नंतर घाट एकच. थांबत थांबत सहा ते सात तास धरा आणि पहाटे साडेपाचला निघा. रात्री बाराला निघून सकाळी पोहोचण्याचा हिशेब कृपया करू नका. पहाटे दोन ते पाच या वेळेत चालकाला न कळत डुलकी लागते आणि ती चहाने जात नाही.

घाट उतरण्याचा जुन्या चालकांचा नियम आहे: ज्या गिअरमध्ये चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरायचे. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर गाडी सोडणारे महाभाग अजूनही आहेत. त्यांचे ब्रेक दहाव्या वळणाला तापतात आणि पंधराव्याला साथ सोडतात. तुमची गाडी ऑटोमॅटिक असेल तर उतारावर खालचा गिअर कसा धरून ठेवायचा, ते घरून निघण्यापूर्वी एखाद्या उड्डाणपुलावर करून पाहा. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबा आणि अर्धा तास गाडी निवू द्या. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. मेमध्ये दुपारनंतर वळीव आला तर पहिली पंधरा मिनिटे रस्ता साबण लावल्यासारखा होतो, कारण महिनोन्‌महिन्यांचे तेल आणि धूळ वर आलेली असते.

टायरच्या बाजूवर चार आकडे एका लंबगोलात कोरलेले असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांचे रबर कडक झालेले असते, ते घाटाआधी तज्ज्ञाला दाखवा. आणि माझ्या आयडीला जागून सांगतो की स्टेपनीतही हवा भरलेली असते, हे बहुतेकांना पंक्चर झाल्यावरच आठवते. मला ते कोयनानगरच्या अलीकडे, सामान उतरवून रस्त्याकडेला मांडल्यावर आठवले होते.

सात आसनी गाडीत शेवटच्या रांगेलाही पट्टे असतात, ते सीटखाली दडपलेले असतील तर काढून ठेवा. धाकट्याला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसू नका. अपघातात एअरबॅग उघडली तर ती मुलाच्या तोंडावर उघडते. घाटात मुलांना मोबाइल देऊ नये, समोरच्या रस्त्याकडे बघायला लावावे, पोट रिकामेही नको आणि मिसळ खाऊन भरलेलेही नको. आमच्या घरी आल्याच्या वड्यांवर काम भागते.

वॉर्ड_सिस्टर

मी पस्तीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले असून त्यातली बरीच कोकणात काढली आहेत. सासूबाईंपासून सुरुवात करते.

चालू असलेले इन्सुलिन घरातल्या सौम्य तापमानात साधारण चार आठवडे टिकते, पण मे महिन्यातल्या बंद गाडीत तासाभरात भट्टी होते, त्यामुळे ते डिकीत किंवा डॅशबोर्डवर कधीही ठेवू नये. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये गार पाण्याने भिजवून पिळलेला रुमाल ठेवावा आणि इन्सुलिन प्लास्टिकच्या लहान डबीत घालून त्यात ठेवावे. बर्फाला ते थेट टेकू देऊ नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते आणि वितळल्यावर ते दिसायला पूर्वीसारखेच दिसू शकते. निवासात पोहोचल्यावर फ्रिजच्या दारात ठेवावे, बर्फाच्या कप्प्याजवळ नव्हे. औषधे नेहमीच्या पाकिटांतच, चिठ्ठीच्या छायाचित्रासह आणि दुप्पट दिवसांची घ्यावीत. अर्धी सासूबाईंच्या पर्समध्ये आणि अर्धी तुमच्याकडे.

प्रवासात खरा धोका साखर वाढण्यापेक्षा साखर उतरण्याचा असतो. सकाळी इन्सुलिन घेतले, "पुढे चांगले हॉटेल आहे" म्हणत नाश्ता दोन तास लांबला आणि घाटात बाईंना दरदरून घाम सुटला, हे मी अनेकदा पाहिले आहे. घरच्यांना वाटते की गाडी लागली. ताट समोर दिसल्याखेरीज इन्सुलिन घ्यायचे नाही, हा नियम करा. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे यांपैकी काही दिसले तर शुद्ध असेपर्यंत तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी आणि नंतर पोळी किंवा बिस्किटे द्यावीत. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये.

मुलांसाठी जलसंजीवनीची पाकिटे घ्या. मोठे पाकीट एक लिटर पाण्यात एकदम विरघळवायचे असते. अर्धा चमचा पेल्यात घालून सरबतासारखे देणे चूक आहे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

आता ज्या विषयावर पाहुणे यजमानांना विचारायला संकोचतात, तो विषय. कोकणात फुरसे आणि लाल विंचू आहेत. रात्री अंगणात जाताना विजेरी आणि पायात पूर्ण बंद जोडे असावेत, बाहेर ठेवलेले जोडे सकाळी झटकून घालावेत, लाकडांच्या ढिगात आणि जांभ्या दगडाच्या गडग्याच्या (कुंपणाच्या) भेगांत मुलांनी हात घालू नये. साप चावला तर चिरा देणे, आवळून बांधणे, चोखणे यांपैकी काहीही करू नये. माणसाला चालू न देता, चावलेला अवयव फळीसारख्या कशाने तरी स्थिर करून थेट ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावे. सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर चालते, त्यामुळे साप मारून बरोबर आणण्याची गरज नसते. लाल विंचवाच्या बाबतीत लोक फसतात ते वेदनेवरून. लहान मुलाला विंचू चावला, दुखणे फारसे नाही, पण घाम येतो आहे, उलट्या होत आहेत आणि हातपाय गार पडले आहेत, तर तो धोका हृदयाला आहे आणि एक मिनिटही दवडू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ करेपर्यंत कोकणातली कितीतरी मुले या दंशाने दगावत असत. आज उपचार आहे, फक्त वेळेत पोहोचायला हवे.

जेलीफिश लागली तर वाळूने चोळू नका आणि गोडे पाणीही ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुऊन, चिकटलेले धागे चिमट्याने काढून मग सोसेल इतक्या गरम पाण्याने शेकावे. उथळ वाळूत पाकट (शेपटीला विषारी काटा असलेली चपटी मासळी) दडलेली असते, म्हणून पाण्यात पावले उचलून न टाकता घासत चालावे, म्हणजे ती आधीच निघून जाते. २०१३ च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर अनेकांना पाकटांचे डंख झाले होते, ते आठवत असेल.

पाण्यातून काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटे धरून पोट दाबण्यात वेळ घालवू नये. तोंडाने श्वास देऊन सुरुवात करावी, मग छातीवर तीस दाब आणि दोन श्वास असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. हे वाचून येत नाही, निघण्यापूर्वी कोणाकडून तरी उशीवर शिकून घ्या. १०८ वर रुग्णवाहिका मिळते. आणि बुडता बुडता वाचलेले मूल हसूखेळू लागले तरी त्याला डॉक्टरांना दाखवावे, कारण श्वासाचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.

पासबुक

बँकेतून निवृत्त झालो आहे, त्यामुळे पैशांपुरते लिहितो. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. घरगुती निवासाचे खरे मालक बहुधा थोडी रक्कम आगाऊ घेतात आणि उरलेली पोहोचल्यावर. ज्या क्रमांकावर बोलणे झाले, तो क्रमांक नकाशावरून किंवा जाहिरातीतून मिळाला असेल तर तो कोणीही बदललेला असू शकतो. गावातल्या ओळखीच्या माणसाकडून, दुकानदाराकडून खात्री करा, व्हिडिओ कॉलवर खोली आणि अंगण दाखवायला सांगा आणि पैसे भरताना पडद्यावर येणारे खातेदाराचे नाव त्या गृहस्थांचेच आहे का, ते पाहा. "परतावा पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका," असे कोणी म्हटले की संभाषण तिथेच थांबवा, कारण पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० वर ताबडतोब कळवा. रक्कम पुढच्या खात्यातून निघण्यापूर्वी गोठवता आली तरच तक्रारीचा उपयोग.

घराचे म्हणाल तर दागिने लॉकरमध्ये, गॅसचा रेग्युलेटर आणि पाण्याचा मुख्य नळ बंद, वर्तमानपत्र आणि दूध बंद, किल्ली शेजाऱ्यांकडे. समुद्राची छायाचित्रे परत आल्यावर टाकावीत. स्टेटसवर "पाच दिवस कोकण" लिहिणे म्हणजे दारावर पाटी लावणे आहे.

अबोली_पुणे

सर्वांचे मनापासून आभार. तारखा बदलल्या आहेत. पूर्ण रक्कम मागणाऱ्या गृहस्थांना व्हिडिओ कॉलवर अंगण दाखवा म्हटले, तेव्हापासून त्यांचा फोन लागत नाही. आता गावातल्या एका ओळखीच्या कुटुंबामार्फत दुसरे घर ठरवले आहे.

खालचापाट, तुमची पाऊणकी दिनदर्शिका समोर घेऊन करून पाहिली, तपासून द्यावी ही विनंती. आम्ही पोहोचतो त्या दिवशी वद्य दशमी आहे, म्हणजे भरती सकाळी साडेसातला आणि ओहोटी दुपारी पावणेदोनच्या सुमारास. त्यानंतर पाणी चढू लागते, म्हणून पहिले तीन दिवस संध्याकाळी साडेचार ते सहा पाण्यात जायचे. चौथ्या दिवशी त्रयोदशीला पूर्ण ओहोटीच चारला येते, त्यामुळे चौथ्या आणि पाचव्या दिवशी संध्याकाळ सोडून सकाळी साडेसहा ते आठ. हे बरोबर आहे का? भाच्याने स्वतःहून डब्याला दोरी बांधून सोसायटीच्या तलावात फेकून पाहिली, पहिल्या तीन वेळा ती त्याच्याच पायात अडकली. सासूबाईंचा मात्र एक प्रश्न आहे: त्यांना पाण्यात जायचे नाही, पण पाय भिजवायचे आहेत, ते चालेल का?

खालचापाट

गणित बरोबर आहे. दोन दुरुस्त्या सुचवतो. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात सावकाश, मधल्या दोन तासांत सर्वांत वेगाने आणि शेवटी पुन्हा सावकाश चढते. तुमच्या संध्याकाळच्या वेळेत पाणी नेमके वेगात असेल, तेव्हा मुलांसाठी वाळूत एक काठी रोवून ठेवा आणि चपला, पिशव्या तिच्या बऱ्याच मागे, सुरूच्या झाडांजवळ ठेवा. काठीला पाणी लागले की सगळ्यांनी तिच्या मागे यायचे. मुले कंबरेच्या खालीच राहतील आणि प्रत्येक मुलामागे एक मोठे माणूस समुद्राच्या बाजूला उभे राहील. बहुतेक पालक किनाऱ्याच्या बाजूला उभे राहून मुलाकडे बघतात, तिथून पोहोचायला वेळ लागतो. तुम्ही समुद्राकडे पाठ करून उभ्या राहू नका.

दुसरे असे की पाचव्या दिवशी चतुर्दशी आहे. अमावास्या तोंडावर असल्याने उधाण लागलेले असेल. त्या सकाळी पाण्यात जाण्याऐवजी व्याडेश्वराचे दर्शन घ्या आणि साडेदहाच्या भरतीला किनाऱ्यावर येऊन उधाण नुसते बघा, तेही बघण्यासारखे असते. दररोज निघण्यापूर्वी यजमानांना पाणी कसे आहे ते विचारा, आणि ते नको म्हणाले तर गणित कितीही जमत असले तरी नको.

सासूबाईंसाठी वाळूत घट्ट बसणारी प्लास्टिकची खुर्ची मागून घ्या आणि सायंकाळी पाणी जिथवर येऊन परत फिरते, तिथे थोडी मागेच मांडा. मधुमेहामुळे तळव्यांना शिंपला लागलेला कळत नाही, तेव्हा अनवाणी नको, मऊ रबरी सँडल असू द्या आणि नंतर पाय गोड्या पाण्याने धुऊन बोटांच्या मधली जागा पुसून पाहा. परतताना त्यांना माडाखाली बसवू नका, आणि गाडीही तिथे लावू नका. नारळाला पुण्याची नंबर प्लेट वाचता येत नाही.

वॉर्ड_सिस्टर

पाय पाहताना आरसा वापरा, तळवा पूर्ण दिसतो. आणि संध्याकाळच्या इन्सुलिनची वेळ किनाऱ्यावरून परत आल्यावर, जेवणाचे ताट वाढले गेल्यावरच.

अबोली_पुणे

आरसा, काठी, डबा आणि दोरी सामानाच्या यादीत लिहिले. सासूबाईंनी खुर्चीला होकार दिला असून खुर्चीपाशी भाच्याने बसायचे, असे त्यांनी परस्पर ठरवून टाकले आहे.